आखूड धावपट्टी आणि उतरणारे विमान

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या संस्थेने १४ एप्रिलच्या जयंती सोहळ्यास एका मोठ्या पाहुण्यांना निमंत्रण दिले होते. पाहुण्यांनी मुंबईहून लहान विमानाने अकोल्याजवळच्या शिवणी विमानतळावर उतरावे, तेथून मोटारीने खामगावमार्गे यावे असा बेत ठरला. मंडप सकाळपासून भरलेला. बायाबापड्या लेकराबाळांसह खेड्यापाड्यांतून आलेल्या. दुपारी आभाळ भरून आले, वावटळ सुटली. विमान शिवणीवर आले, खाली उतरू लागले आणि धावपट्टी समोर दिसत असताना पुन्हा वर उठले. एक घिरटी घालून ते सरळ नागपूरला निघून गेले. पाहुणे काही आले नाहीत.

त्या दिवशी मंडपात काय काय बोलले गेले ते इथे लिहिण्यासारखे नाही. "एवढ्याशा ढगाला भ्याला", "आमच्या वस्तीत यायचेच नव्हते, निमित्त पाहिजे होते", अशी सगळी मुक्ताफळे उधळली गेली. पुढच्या आठवड्यात कार्यकारिणीची बैठक होऊन नाराजीचे एक कडक पत्रही गेले. त्या पत्रावर सह्या करणारांत आम्हीही होतो.

२८ जानेवारी २०२६ रोजी सकाळी बारामतीची बातमी आली तेव्हा त्या पत्राची आठवण झाली. जिल्हा परिषद निवडणुकीच्या प्रचारसभांसाठी मुंबईहून निघालेले तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांचे लहान जेट विमान बारामतीच्या धावपट्टीजवळ उतरताना कोसळले आणि विमानातील पाचही जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर कितीतरी दिवस आमच्या समाज मंदिरात हाच विषय. जो तो आपापला तर्क लढवीत होता. त्यातच आमच्या वस्तीतील एक मुलगी सध्या वैमानिक होण्याचे प्रशिक्षण घेत आहे. तिची आई रोज संध्याकाळी येऊन विचारी, "विमान वर असताना पडत नाही, मग उतरतानाच कसे पडते?" या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी हा लेख आहे. आम्ही वैमानिक नव्हेत. परंतु आमच्यापैकी एकजण हवाई दलात तंत्रज्ञ म्हणून नोकरी करून निवृत्त झाले आहेत. त्यांनी समजावून सांगितले, आम्ही वाचून पडताळून घेतले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

विमान उतरवणे म्हणजे ते खाली आणणे, असे आपल्याला वाटते. खरे पाहता ती वेग संपविण्याची क्रिया आहे. हवेत विमानाला तोलून धरतो तो वेगच. त्यामुळे एस.टी. चालक जसा थांबा आला की गाडी हळू करीत करीत उभी करतो तसे विमानाला हवेत करता येत नाही. ठराविक वेगाच्या खाली गेले की पंखांची पकड सुटते. आठ-नऊ माणसांचे लहान जेट विमान धावपट्टीवर येते तेव्हाही त्याचा वेग ताशी सुमारे २२० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ६० मीटर असतो. शिकाऊ विद्यार्थ्यांचे दोन माणसांचे विमान याच्या साधारण निम्म्या वेगाने उतरते. हा सगळा वेग चाके टेकल्यानंतर उरलेल्या धावपट्टीवर जिरवायचा असतो.

आता धावपट्ट्यांकडे पाहू. मुंबईची मुख्य धावपट्टी सुमारे ३,४५० मीटर लांब, नागपूरची ३,२०० मीटर. अमरावतीजवळच्या बेलोऱ्याची वाढवून १,८५० मीटर केली, तेव्हा कुठे १६ एप्रिल २०२५ पासून तेथून मुंबईची प्रवासी विमानसेवा सुरू झाली. बारामतीची पावणेदोन किलोमीटरच्या आसपास. आणि आपल्याला जवळची जी अकोल्याची शिवणी, ती दीड किलोमीटरहूनही कमी. तिच्या विस्ताराचे घोडे कृषी विद्यापीठाच्या जमिनीपाशी कित्येक वर्षे अडून होते, हे वऱ्हाडातल्या वाचकांना सांगायला नको. आपल्या बुलडाणा जिल्ह्यात तर नियमित प्रवासी सेवेचा विमानतळच नाही. म्हणून आपल्याकडे जो कोणी हवेतून येतो तो बहुधा लहान विमानाने व आखूड धावपट्टीवर, किंवा मग हेलिकॉप्टरने येतो.

आखूड धावपट्टी म्हणजे धोक्याची धावपट्टी असे मात्र समजू नये. नेपाळमधील लुक्ला येथील धावपट्टी जेमतेम ५२७ मीटरची, तीही चढाची. तेथे त्या कामासाठीच बनविलेली विमाने रोज उतरतात. धावपट्टी आखूड असली की चुकीला जागा उरत नाही, एवढाच फरक.

ही चूक किती मोठी असावी लागते? हिशोब करून पाहिला तेव्हा आम्ही स्वतःच चकित झालो. उतरणारे विमान साधारणपणे ३ अंशांच्या उताराने खाली येते. म्हणजे १९ मीटर पुढे गेले की १ मीटर खाली. धावपट्टीच्या उंबरठ्यावर ते सुमारे १५ मीटर उंचीवर असावे लागते. समजा ते १५ ऐवजी ३० मीटर उंचीवर आले. फरक कितीसा? एका चारमजली इमारतीएवढा. पण त्याच उताराने ते १५ मीटर खाली यायला जवळजवळ २८५ मीटर धावपट्टी मागे पडते. शिवणीसारख्या पट्टीचा पाचवा हिस्सा चाक टेकण्यापूर्वीच संपला!

वेगाचेही तसेच. राजूर घाटातून गाडी उतरविणाऱ्या चालकाला हे ठाऊक असते की वेग थोडा वाढला की ब्रेक फार जास्त लागतो. शास्त्र सांगते की थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दहा टक्के जास्त, तर अंतर एकवीस टक्के जास्त. शिवाय जास्त वेगाने आलेले विमान लवकर टेकतही नाही. जमिनीलगतच्या हवेवर ते तरंगत राहते. पाच सेकंद तरंगले तर ३०० मीटर गेले.

तिसरी गोष्ट वाऱ्याची. विमान नेहमी वाऱ्याच्या तोंडावर उतरवतात. धान्य उफणताना आपण वारा पाहून उभे राहतो, तसे वैमानिक धावपट्टीशेजारची कापडी नळी कोणत्या बाजूला फुगली आहे ते पाहतो. ताशी २२० किलोमीटर वेगाच्या विमानाला समोरून २० किलोमीटरचा वारा असेल तर जमिनीवरचा वेग २०० पडतो. तोच वारा पाठीमागून असेल तर २४०. वर्गाचा हिशोब लावला की दुसऱ्या बाजूने उतरताना थांबण्यास ४४ टक्के जास्त जागा लागते. पट्टी तीच, विमान तेच, वैमानिक तोच. बदलली ती फक्त दिशा.

आणि वऱ्हाडचे ऊन! हवा तापली की विरळ होते. ४४ अंश तापमानात वैमानिकापुढचा काटा नेहमीचाच वेग दाखवितो, परंतु जमिनीच्या हिशोबाने विमान सहा-सात टक्के जास्त वेगाने धावत असते. म्हणजे अंतरात पुन्हा बारा-पंधरा टक्क्यांची भर. वैशाखातल्या दुपारी घेतलेल्या सभा विमानालाही जड जातात, हे आम्हाला पूर्वी ठाऊक नव्हते.

पावसाळ्यात याहून वेगळी अडचण. धावपट्टीवर पाणी साचले असले की ठराविक वेगाच्या वर चाक पाण्यावरच तरंगते. टायर जमिनीला टेकतच नाही, मग ब्रेक कितीही दाबा. याचे एक सोपे गणित आहे: टायरमधील हवेचा दाब पौंडांत घ्यावा, त्याचे वर्गमूळ काढावे व त्यास ९ ने गुणावे. दाब १०० असेल तर उत्तर ९० येते. ९० नॉट म्हणजे ताशी सुमारे १६७ किलोमीटर. या वेगाच्या वर ते चाक पाण्यावर घसरू शकते. मुंबईत १४ सप्टेंबर २०२३ रोजी जोरदार पावसात उतरताना एक लहान जेट विमान धावपट्टी सोडून बाजूला गेले व त्याचे तुकडे झाले. आतील आठही जण बचावले. धावपट्टी तर देशातल्या लांब धावपट्ट्यांपैकी एक होती. दृश्यमानता ७०० मीटर इतकीच होती. तेव्हा नुसत्या लांबीवर भिस्त ठेवूनही चालत नाही.

हे सर्व धरूनच नियम केलेले आहेत. भाड्याने प्रवासी नेणाऱ्या जेट विमानाने कागदावरच्या हिशोबात धावपट्टीच्या ६० टक्के लांबीत थांबले पाहिजे, उरलेले ४० टक्के चुकीसाठी राखून ठेवायचे, असा दंडक आहे. १,४०० मीटरच्या पट्टीवर म्हणजे ८४० मीटरमध्ये. आता वर सांगितलेल्या चुका एकापुढे एक मांडून पाहा. थोडी उंची जास्त, थोडा वेग जास्त, थोडा वारा पाठीमागून, थोडे पाणी. एकेकटी चूक त्या ४० टक्क्यांत मावते. दोन-तीन एकदम आल्या की मावत नाहीत.

काही वेळा नेमके उलटे घडते. पट्टी आखूड आहे म्हणून वैमानिक फार हळू व फार खालून येतो आणि पट्टीपर्यंत पोहोचतच नाही. किंवा पट्टीच्या रेषेत येण्यासाठी खालच्या उंचीवर जोराचे वळण घेतो. सरळ जाताना ज्या वेगाला विमान तोलून राहते तोच वेग वळणात पुरत नाही. ४५ अंश कलून वळताना किमान वेगाची गरज १९ टक्क्यांनी वाढते, ६० अंशांत ४१ टक्क्यांनी. शिकणाऱ्या मुलांना हे पहिल्या काही आठवड्यांतच घोकून घ्यावे लागते. आम्ही हे कोणत्याही एका अपघाताला धरून लिहीत नाही, सर्वसाधारण सांगत आहोत.

मोठ्या विमानतळावर वैमानिकाच्या मदतीला बरेच काही असते. रेडिओच्या किरणांनी उताराचा मार्ग दाखविणारी यंत्रणा असते. धावपट्टीच्या कडेला चार दिव्यांची ओळ असते. दोन लाल दोन पांढरे दिसले तर उतार बरोबर, चारही पांढरे तर विमान फार वर, चारही लाल तर फार खाली. मनोऱ्यात नियंत्रक बसलेला असतो. लहान धावपट्ट्यांवर यातले पुष्कळसे नसते. बारामतीच्या मैदानावर अपघाताच्या वेळी नियंत्रण मनोऱ्याची नियमित व्यवस्था नव्हती. तेथील वैमानिक प्रशिक्षण संस्थांची माणसेच येणाऱ्या विमानाला वारा व दृश्यमानतेची माहिती देत. सरकारने त्याच दिवशी जाहीर केलेल्या माहितीनुसार वारा शांत होता व दृश्यमानता सुमारे ३,००० मीटर सांगण्यात आली होती. पहिल्या प्रयत्नात धावपट्टी दिसली नाही म्हणून विमान पुन्हा वर गेले. दुसऱ्या खेपेस धावपट्टी दिसत असल्याचे वैमानिकांनी कळविले, ८ वाजून ४३ मिनिटांनी उतरण्यास परवानगी मिळाली आणि मिनिटभरातच धावपट्टीच्या उंबरठ्याजवळ ज्वाळा दिसल्या. कारण सांगण्याचे काम विमान अपघात अन्वेषण विभागाचे आहे, पारावर बसून आम्ही ते सांगू नये. याच मैदानाच्या परिसरात ऑक्टोबर २०२३ मध्ये चार दिवसांच्या आत दोन प्रशिक्षण विमाने पडली होती, एवढे मात्र नोंदवून ठेवतो.

ज्या अपघातांची चौकशी पूर्ण होऊन अहवाल लोकांपुढे आला आहे त्यांकडे पाहिले तर पुष्कळ शिकायला मिळते. दोन विमाने घेऊ. ती लहान नव्हती, परंतु धावपट्ट्या डोंगरमाथ्यावरच्या, दोन्ही टोकांना दरी असलेल्या. २२ मे २०१० रोजी मंगळूर येथे दुबईहून आलेले विमान सुमारे २,४५० मीटरच्या पट्टीवर जवळजवळ १,६०० मीटर पुढे जाऊन टेकले आणि टोकावरून दरीत गेले. १५८ माणसे गेली, आठ वाचली. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोझिकोड येथे भर पावसात, पाठीमागून वारा असताना, २,७०० मीटरच्या पट्टीवर विमान निम्म्या वाटेवर, म्हणजे सुमारे १,३५० मीटरवर टेकले. २१ जण गेले; त्यात दोन्ही वैमानिकही होते. मुख्य वैमानिक कॅप्टन दीपक साठे यांचे घर नागपूरला, हवाई दलात नावाजलेले, अनुभवाने मुरलेले. त्यांच्या निधनाने साऱ्या विदर्भाने हळहळ व्यक्त केली होती.

दोन्ही अहवालांत एक गोष्ट सारखी आहे. दोन्ही ठिकाणी सहवैमानिकाने वेळेवर सांगितले होते की उतरू नका, पुन्हा वर चला. मंगळूरला तर एकदा नव्हे, तीनदा. ज्येष्ठाने कनिष्ठाचे ऐकले नाही. आपल्या समाजाला यावर अधिक भाष्य नको. कोण बोलतो यावरून बोलण्याची किंमत ठरविण्याची खोड विमानाच्या कक्षातही पोहोचलेली आहे. आता बहुतेक विमान कंपन्यांत असा शिरस्ता आहे की दोघांपैकी कोणीही "पुन्हा वर" असा शब्द उच्चारला की दुसऱ्याने वाद न घालता तो पाळायचा. कोझिकोडच्या अहवालात आणखी एक नोंद आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी तेथूनच त्यांना दुसरे विमान न्यायचे होते. विमान इतरत्र नेले असते तर ते उड्डाण चुकले असते. एवढ्या मुरलेल्या माणसाच्या मनावरही उद्याच्या वेळापत्रकाचे ओझे असू शकते.

इथेच आमच्या त्या पत्राचा संबंध येतो. वैमानिकाच्या पाठीमागे बसलेला माणूस मोठा असतो. त्याच्या चार गावी चार सभा असतात. खाली आमच्यासारखे संयोजक घड्याळ पाहात असतात, ध्वनिक्षेपकावरून "पाहुणे थोड्याच वेळात पोहोचत आहेत" असे दर दहा मिनिटांनी सांगत असतात. माधवराव शिंदे ३० सप्टेंबर २००१ रोजी कानपूरच्या सभेला लहान विमानाने जात असताना खराब हवेत मैनपुरीजवळ विमान कोसळून गेले. लोकसभेचे अध्यक्ष जी. एम. सी. बालयोगी, आपल्याच दलित समाजातून त्या आसनावर पोहोचलेले, ३ मार्च २००२ रोजी आंध्रात कैकलूरजवळ हेलिकॉप्टर पडून गेले. या प्रत्येक वेळी कोणी घाई केली असे आम्ही म्हणत नाही. परंतु लहान विमान, अपुरी सोय आणि ठरलेली वेळ हे तिन्ही एकत्र आले की वैमानिकाला "नाही" म्हणणे किती अवघड जात असेल, याचा विचार आम्ही तरी कधी केला नव्हता.

धावपट्टीच्या पुढे काय आहे यालाही महत्त्व आहे. २६ एप्रिल १९९३ ची घटना आपल्या भागातील जुन्या माणसांना आठवत असेल. तेव्हाच्या औरंगाबादहून उडालेले विमान धावपट्टीपलीकडच्या बीड रस्त्यावरून जाणाऱ्या कापसाच्या गाठींच्या ट्रकला धडकले. ११८ पैकी ५५ जण गेले. तो अपघात उतरतानाचा नव्हे, उडतानाचा होता. पण टोकाशी रस्ता असावा, त्यावरून भरलेले ट्रक जावेत आणि ते थांबविणारे कोणी असू नये, हे चौकशीत दोष म्हणूनच नोंदले गेले. खामगावच्या जिनिंगमधून निघालेल्या गाठी आपण आयुष्यभर पाहात आलो. त्यांचा ट्रक विमानाच्या आड येईल असे कोणाच्या मनात आले असते? परदेशांत अशा टोकाला आता ठिसूळ काँक्रीटचा थर घालतात. विमान त्यात रुतते आणि थांबते. न्यूयॉर्कला १९९९ मध्ये धावपट्टी ओलांडून गेलेले एक विमान अशाच थराने थोपवून धरले होते.

योग्य ठिकाण निवडले म्हणजे किती फरक पडतो त्याचेही उदाहरण आपल्या विदर्भातले आहे. ६ मे २०२१ रोजी नागपूरहून रुग्ण घेऊन हैदराबादकडे निघालेल्या लहान विमानाचे एक चाक उड्डाणाच्या वेळीच निखळून पडले. वैमानिकांनी घाईने कुठेही उतरण्याचा प्रयत्न केला नाही. विमान मुंबईला नेले, धावपट्टीवर फेस पसरून ठेवलेला होता, अग्निशमनाच्या गाड्या उभ्या होत्या. चाके न उघडता पोटावर विमान टेकविले. रुग्णासह पाचही जण सुखरूप बाहेर आले. रुग्ण आत असताना दूरचे गाव निवडायला धीर लागतो.

आमच्या त्या पाहुण्यांचे विमान ज्याने नागपूरला नेले त्याचे नाव आम्हाला कधीच कळले नाही. शिवणीला ऊन, वावटळ, भरून आलेले आभाळ आणि दीड किलोमीटरहून कमी पट्टी. नागपूरला ३,२०० मीटर. आज हिशोब कळतो. कार्यालयाच्या फाईलमध्ये त्या पत्राची नक्कल अजून आहे. मागच्या बैठकीत ती वाचून दाखविली तेव्हा सह्या करणाऱ्यांपैकी कोणीच काही बोलले नाही. ज्या कार्यालयाला ते गेले होते त्यांना दुसरे पत्र पाठवावे, असे ठरले आहे. मसुदा आम्हालाच करायचा आहे.

वस्तीतल्या त्या मुलीच्या आईला आम्ही हा लेख वाचून दाखविला. आकडे तिला फारसे कळले नाहीत, राजूर घाटाचे मात्र पटले. त्याच रात्री मुलीचा फोन आला. आज तीन वेळा खाली आले आणि तिन्ही वेळा वर गेले, आडवा वारा होता, असे ती सांगत होती. आईने विचारले, "मग गुरुजी रागावले का?" पलीकडून मुलगी म्हणाली, "नाही, चौथ्यांदा बरोबर उतरले. पण वहीत त्यांनी शेरा लिहिला तो पहिल्या तीन वेळांबद्दल. चांगला लिहिलाय."